इंग्रजीतील लांबीचे आणि कालावधीचे वाक्प्रचार: अर्थ कसा लावावा, वापर कसा करावा

इंग्रजीतला 'लाँग' हा शब्द काठीलाही लागतो आणि प्रतीक्षेलाही. मराठीत काठी लांब असते, पण प्रतीक्षा लांब नसते. ती दीर्घ असते, किंवा आपण सरळ 'खूप वेळ वाट पाहिली' असे म्हणतो. शाळेत 'लाँग म्हणजे लांब' आणि 'शॉर्ट म्हणजे आखूड' हे पाठ झालेले असते, आणि पुढे इंग्रजी वाचताना किंवा लिहिताना तेच पाठांतर आडवे येते. भाषांतराच्या कामात मला सर्वाधिक दुरुस्त्या कठीण शब्दांच्या कराव्या लागत नाहीत, तर या साध्या शब्दांच्या कराव्या लागतात, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ लावण्याची रीत सविस्तर लिहून काढावीशी वाटली.

मराठीतही लांबीचा काळाशी संबंध आहे, मात्र तो विशेषणापेक्षा क्रियापदात अधिक दिसतो. लग्न लांबते, बैठक लांबते, निर्णय लांबणीवर पडतो आणि वक्ता लांबण लावतो. 'पाऊस लांबला' हे वाक्य जूनमध्ये उच्चारले तर पाऊस अजून सुरू झालेला नाही असा अर्थ होतो, आणि ऑक्टोबरमध्ये उच्चारले तर तो अजून थांबलेला नाही असा अर्थ होतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'डिलेड' लागते आणि दुसऱ्यासाठी 'प्रोलाँग्ड'. आपल्याच भाषेतला हा फरक एकदा लक्षात आला, की परभाषेतल्या वाक्प्रचाराकडेही शब्द सोडून प्रसंगावरून पाहण्याची सवय लागते.

वाक्प्रचार समोर आला की पहिला प्रश्न विचारावा तो असा: येथे नेमके काय मोजले जात आहे? अंतर, कालावधी, की या दोन्हींशी संबंध नसलेले तिसरेच काही? 'अ स्टोन्स थ्रो' हे अंतर आहे, म्हणजे हाकेच्या अंतरावर. 'इन द लाँग रन' हा कालावधी आहे. त्यात 'रन' असला तरी धावण्याचा संबंध उरलेला नाही आणि 'दूरचा विचार करता' किंवा 'सरतेशेवटी' हेच त्याचे मराठी. 'लाँग शॉट' ही मात्र शक्यता आहे: जमण्याची आशा फारच थोडी आहे, तरी प्रयत्न करून पाहू, असा त्याचा भाव. 'लाँग फेस' म्हणजे उतरलेला चेहरा. 'लाँग इन द टूथ' हे वयाबद्दल आहे. घोड्याचे वय वाढते तशी हिरडी मागे सरकते आणि दात लांब दिसू लागतात, त्यावरून हा प्रयोग आला. वडीलधाऱ्या व्यक्तीविषयी तो आदराचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

'लेंग्थ' या शब्दाचे प्रयोग तर जागा बदलली की अर्थ बदलतात. 'शी स्पोक अ‍ॅट लेंग्थ' म्हणजे ती सविस्तर बोलली. तोच 'अ‍ॅट लेंग्थ' वाक्याच्या आरंभी आला, 'अ‍ॅट लेंग्थ, शी स्पोक', तर अर्थ होतो की बराच वेळ गेल्यावर अखेर ती बोलली. 'गो टू ग्रेट लेंग्थ्स' यात कष्टाचे कौतुक असते, म्हणून त्याचे मराठी 'आटापिटा केला' किंवा 'जिवाचे रान केले' असे करावे. 'गो टू एनी लेंग्थ्स' यात मात्र बहुधा नापसंती असते आणि आपला 'कोणत्याही थराला जाणे' हा प्रयोग तेथे नेमका बसतो. एका शब्दाच्या फरकाने स्तुतीची निंदा होते, म्हणून ही जोडी एकत्र शिकावी.

'अ‍ॅट आर्म्स लेंग्थ' याबाबतीत मराठी माणसाला फारसे शिकावे लागत नाही. आपण नकोशा माणसाला चार हात दूर ठेवतो, इंग्रज एका हाताच्या अंतरावर ठेवतो. परंतु हा प्रयोग कायद्यातही आहे आणि तेथे त्यात तिरस्कार मुळीच नसतो. आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २००१ साली जे बदल झाले, त्यांत 'आर्म्स लेंग्थ प्राइस' ही संकल्पना सविस्तर आली. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी आपसांत व्यवहार केला, तरी किंमत अशी धरायची की जणू दोन परक्यांनी घासाघीस करून ती ठरवली आहे. हिशेबनिसाच्या पत्रात हा शब्द दिसला, तर कोणी कोणाला दूर लोटले असे समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. वाक्प्रचार म्हटले की रंगतदार प्रयोगांकडेच लक्ष जाते, पण कालावधी सांगताना आपल्या चुका होतात त्या 'पासून', 'पर्यंत' आणि 'तासांत' या तीन साध्या मराठी शब्दांमुळे. त्यांतला प्रत्येक शब्द मराठीत दोन कामे करतो आणि इंग्रजीत त्या कामांसाठी दोन वेगळे शब्द आहेत.

'दोन वर्षांपासून मी पुण्यात राहतो' आणि '२०१९ पासून मी पुण्यात राहतो' या दोन्ही वाक्यांत 'पासून' आहे. त्यामुळे आपण दोन्हीकडे 'सिन्स' लावतो आणि 'सिन्स टू इयर्स' असे चुकीचे इंग्रजी तयार होते. ओळखायची खूण सोपी आहे. कॅलेंडरवर त्या शब्दावर बोट ठेवता येते का, ते पाहावे. २०१९, सोमवार, दिवाळी, लग्नाचा दिवस यांवर बोट ठेवता येते, म्हणून तेथे 'सिन्स'. दोन वर्षे, तीन आठवडे, बराच काळ यांवर बोट ठेवता येत नाही, ते मोजावे लागतात, म्हणून तेथे 'फॉर'. दुसरी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत 'राहतो' हा साधा वर्तमानकाळ पुरतो; इंग्रजीला तेवढे पुरत नाही, कारण काल सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली गोष्ट सांगायला त्या भाषेत 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' असे रूप लागते. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू थाउजंड नाइन्टीन' या वाक्यात 'सिन्स' बरोबर आहे, पण क्रियापद चुकले आहे.

'पर्यंत' या शब्दाने होणारा घोळ अधिक महागात पडतो. 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' या वाक्यांत आपल्याला काहीच वेगळे जाणवत नाही. पहिल्यात अर्ज एकदाच द्यायचा आहे आणि शुक्रवार ही शेवटची सीमा आहे. तेथे इंग्रजीत 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात थांबण्याची क्रिया शुक्रवार येईपर्यंत सतत चालू राहणार आहे. तेथे 'अन्टिल फ्रायडे'. शंका आली तर मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहावे. 'शुक्रवारच्या आत अर्ज द्या' हे चालते, म्हणून 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबा' हे चालत नाही, म्हणून 'अन्टिल'. नकार आला की 'अन्टिल'चा अर्थ 'शिवाय'कडे झुकतो: 'द शॉप वोन्ट ओपन अन्टिल मंडे' म्हणजे सोमवार उजाडल्याशिवाय दुकान उघडणार नाही, अर्थात सोमवारी ते उघडेल.

तिसरा शब्द 'तासांत'. 'हे पुस्तक मी दोन तासांत वाचले' याला 'इन टू अवर्स' बरोबर आहे. पण 'आय विल कम इन टू अवर्स' याचा अर्थ दोन तासांच्या आत येतो असा नसून दोन तासांनी येतो असा आहे. 'आत' म्हणायचे असेल तर 'विदिन' लागते. भविष्यात एवढ्या वेळाने काही घडेल हे सांगताना आपण सवयीने 'आफ्टर टू अवर्स' म्हणतो. ऐकणाऱ्याला ते समजते, पण आतापासून मोजायचे असेल तर इंग्रजीची स्वाभाविक रीत 'इन' हीच आहे.

याच ओघात कार्यालयीन पत्रांतला एक प्रयोग सांगायला हवा. 'लवकरात लवकर उत्तर द्यावे' यासाठी भारतात सर्रास 'अ‍ॅट द अर्लिएस्ट' लिहिले जाते आणि देशात त्याने काही बिघडत नाही. ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या वाचकाला मात्र 'फ्रायडे अ‍ॅट द अर्लिएस्ट' याचा अर्थ 'लवकरात लवकर म्हटले तरी शुक्रवार, त्याआधी नाही' असा लागतो. आपण घाई सुचवतो आणि वाचणारा सवलत मिळाली असे समजतो. परदेशी पत्रव्यवहारात 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' लिहावे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे 'बाय'सह तारीखच लिहावी. 'शॉर्टली' हाही असाच फसवा शब्द आहे; त्याचा अर्थ 'थोडक्यात' असा नाही, 'थोड्याच वेळात' असा आहे. थोडक्यात सांगण्यासाठी 'ब्रीफली' वापरावे.

शब्दांचा क्रम आणि नकार यांकडे लक्ष देणे ही पुढची पायरी. 'बिफोर लाँग' म्हणजे लवकरच, आणि 'लाँग बिफोर' म्हणजे खूप आधी. 'नो लाँगर' याचा अर्थ 'आता तसे राहिलेले नाही' असा असून त्यात लांबीची तुलना नाही. 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज' याचा एक अर्थ 'जोपर्यंत' असा आहे, पण करारात आणि बोलण्यात तो पुष्कळदा अट घालतो: 'यू कॅन गो अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू फिनिश युअर वर्क' म्हणजे काम संपवणार असशील तर जा. नकारातली सर्वांत नाजूक जोडी अशी आहे. 'ही डिडन्ट स्पीक फॉर लाँग' म्हणजे तो बोलला, पण थोडाच वेळ. 'ही डिडन्ट स्पीक फॉर अ लाँग टाइम' म्हणजे तो बराच वेळ गप्प होता. दोन्हींचे मराठी 'तो बराच वेळ बोलला नाही' असे केले, तर पहिल्या वाक्याचा अर्थ उलटतो. येथे थांबून, बोलणे झाले की नाही हे आधी ठरवावे आणि मगच वाक्य लिहावे.

'फॉर गुड' याने अनेकांना चकवले आहे. 'शी लेफ्ट पुणे फॉर गुड' याचा 'चांगल्यासाठी पुणे सोडले' असा अर्थ लावणे साहजिक वाटते, पण त्याचा अर्थ 'कायमचे पुणे सोडले' असा आहे. त्याच्या विरुद्ध 'फॉर द टाइम बीइंग', म्हणजे तूर्तास, सध्यापुरते.

आता चित्रमय प्रयोगांकडे वळू. येथे मराठीचे भांडार इतके समृद्ध आहे की शब्दशः भाषांतर करण्याची गरजच पडू नये. 'अ नाईन डेज वंडर' याला आपल्याकडे 'नव्याचे नऊ दिवस' आहे आणि आकडासुद्धा तोच आहे. अल्पकाळ टिकणाऱ्या सत्तेसाठी 'औट घटकेचे राज्य' आहे. औट म्हणजे साडेतीन आणि एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे हिशेब केला तर ते राज्य ८४ मिनिटांचे भरते. 'इन अ जिफी' आणि 'इन नो टाइम' यांना चुटकीसरशी, हां हां म्हणता, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच असे कितीतरी पर्याय आहेत. त्यांतही फरक करावा: 'इन अ जिफी' हे बहुधा आश्वासन असते, 'आलोच' अशा स्वराचे, तर 'इन नो टाइम' झालेल्या गोष्टीचे वर्णन करतानाही चालते. 'गिव्ह हिम अ‍ॅन इंच अँड ही विल टेक अ माइल' याला 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण अर्थाने जवळची आहे, तरी तिच्यातला जातिवाचक शब्द लक्षात घेता औपचारिक लिखाणात 'थोडी सवलत दिली की डोक्यावर बसतो' असे लिहिणे मला अधिक योग्य वाटते.

'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे फारच क्वचित, या प्रयोगावर थोडे अधिक थांबायला हवे, कारण त्याचे भाषांतर करताना मोजमाप चुकते. कोशांत पाहून त्यासमोर 'कपिलाषष्ठीचा योग' लिहिण्याचा मोह होतो. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि हस्त नक्षत्रात सूर्य एवढे सगळे एकत्र आले म्हणजे तो योग होतो. त्यासाठी कित्येक वर्षे, अगदी दशकेही जातात. ब्लू मून इतका दुर्मीळ नाही. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात, आणि तसे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी घडते. ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखात झालेल्या गैरसमजातून रूढ झाली; वाक्प्रचार त्याहून बराच जुना आहे. वर्षात अशी जादा पौर्णिमा येण्याचे आणि आपल्या अधिक मासाचे कारण एकच आहे. चंद्राचे बारा महिने सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतात आणि ती तूट साठत जाऊन साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढतो. त्यावरूनच 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आली. २०२३ साली श्रावण अधिक होता आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ब्लू मून होता.

म्हणून वापराचा नियम असा करावा. अधूनमधून, पण फारच क्वचित घडणाऱ्या सवयीसाठी 'ब्लू मून' आहे: मामा वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी फोन करतात, तेव्हा तो शोभतो. अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्याचे नवल सांगायचे असेल, चारही भावंडे एका दिवशी एका घरात जमली असतील, तर तो कपिलाषष्ठीचा योग. तेथे इंग्रजीत 'ब्लू मून' पुरेसा पडत नाही, 'अ रेअर कोइन्सिडन्स' असे सरळ लिहावे.

'अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे रात्रीचे अकरा नव्हे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याच्या धन्याची कथा आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा भाग धरले जात आणि अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, कामावर घेतलेल्या मजुरांनाही धन्याने दिवसभराचीच मजुरी दिली. त्यामुळे या प्रयोगात उशीर असला तरी संधी हातची गेलेली नसते. 'ऐनवेळी' किंवा 'अगदी शेवटच्या क्षणी' हे त्याचे मराठी. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' येथे बसत नाही, कारण त्यात दोष देण्याचा सूर आहे.

'सिन्स टाइम इमेमोरियल' याला आपण 'अनादि काळापासून' म्हणतो आणि ते चुकीचे नाही. मात्र इंग्लंडच्या कायद्यात या अनादि काळालाही तारीख होती. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने स्मरणाची सीमा पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणापर्यंत, म्हणजे ११८९ पर्यंत नेऊन ठेवली आणि त्याआधीपासून चालत आलेला हक्क 'स्मरणापलीकडचा' ठरला. जमिनीच्या किंवा रस्त्याच्या हक्काच्या कागदपत्रांत हा प्रयोग आला, तर 'पूर्वापार वहिवाट' हे शब्द अधिक नेमके ठरतात.

'द होल नाईन यार्ड्स' ऐकले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नऊवारी लुगडे उभे राहते, आणि वार म्हणजे यार्डच असल्याने तसा तर्क करणे स्वाभाविक आहे. परंतु हा अमेरिकी प्रयोग आहे; १९१२ च्या सुमारास केंटकी राज्यातल्या वर्तमानपत्रांत तो 'होल सिक्स यार्ड्स' असा, सहा यार्डांचा सापडतो. त्याचा अर्थ 'सगळेच्या सगळे' एवढाच आहे आणि लुगड्याशी त्याचा संबंध जोडू नये.

अटलांटिकच्या दोन बाजूंमधला फरक अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना विशेष उपयोगी पडेल. 'मोमेंटरिली' याचा अर्थ ब्रिटनमध्ये 'क्षणभर' आणि अमेरिकेत 'क्षणभरात' असा आहे. 'फोर्टनाइट' हा चौदा रात्रींचा शब्द ब्रिटनमध्ये आणि भारतात रोजचा आहे, अमेरिकेत तो फारसा वापरत नाहीत. शिवाय आपला पंधरवडा पंधरा तिथींचा असतो, म्हणून पगार किंवा भाडे ठरवताना दिवस मोजून लिहावेत. 'बायवीकली' याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही, तेव्हा तो टाळलेलाच बरा. आपला 'परवा' हा शब्दही मागे आणि पुढे असा दोन्हीकडे जातो, पण आपल्याला क्रियापद सावरून घेते; 'बायवीकली'ला सावरायला कोणी नसते.

औपचारिकतेचे भान हा शेवटचा भाग. 'अ‍ॅट शॉर्ट नोटिस' आणि 'लाँग ओव्हरड्यू' (केव्हाच व्हायला हवे होते असे) हे कार्यालयीन पत्रात निःशंक लिहावेत. आयत्या वेळी कळवूनही कोणी आले, तर 'थँक यू फॉर कमिंग अ‍ॅट सच शॉर्ट नोटिस' हे सौजन्याचे वाक्य आहे. 'डॉन्कीज इयर्स' (वर्षानुवर्षे), 'लाँग स्टोरी शॉर्ट' (थोडक्यात सांगायचे तर) आणि 'टिल द काउज कम होम' (कितीही वेळ, न संपता) हे घरगुती गप्पांतले प्रयोग असून त्यांना अर्जात जागा नाही.

हे सारे अंगवळणी पडण्यासाठी वहीत सुटे वाक्प्रचार उतरवू नयेत. संपूर्ण इंग्रजी वाक्य लिहावे, त्याखाली त्या प्रसंगी आपण घरी जे मराठी वाक्य बोललो असतो ते लिहावे, आणि आठवड्याने फक्त मराठी वाक्य पाहून इंग्रजी आठवावे. सरावासाठी पुढचे छोटे पत्र घ्या: 'मी या शाखेत तीन वर्षांपासून काम करीत आहे. सोमवारपासून मला बरे नाही. डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंत विश्रांती घेण्यास सांगितले आहे. अहवाल मात्र गुरुवारपर्यंत पाठवीन. दोन दिवसांनी फोन करीन.' पहिल्या वाक्यात काळ मोजला आहे, म्हणून 'आय हॅव वर्क्ड इन धिस ब्रँच फॉर थ्री इयर्स'. दुसऱ्यात कॅलेंडरवर बोट ठेवता येते, म्हणून 'आय हॅव बीन अनवेल सिन्स मंडे'. विश्रांती सतत चालणार, म्हणून 'अन्टिल फ्रायडे'. अहवाल एकदाच पाठवायचा, म्हणून 'बाय थर्सडे'. आणि फोनसाठी 'इन टू डेज'. यात एक संदिग्धता उरते: शुक्रवारी हे गृहस्थ कामावर येणार की शनिवारी? मराठीत आपण 'शुक्रवार धरून' असे म्हणतो. त्यासाठी ब्रिटिश पद्धतीने 'अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे' लिहावे, आणि पत्र अमेरिकेत जाणार असेल तर 'थ्रू फ्रायडे' एवढे पुरते.